तुझ्याच विद्यापीठातली एक महापौर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

वर्गातली पोरं पंचविशीतली आणि तू पस्तिशीची, म्हणून तू परवा फोनवर कुरकुरलीस. तर ऐक. अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टच्या ज्या विद्यापीठात तू नियोजन शिकतेस, तिथूनच युनिटा ब्लॅकवेल या बाईंनी १९८३ साली प्रादेशिक नियोजनाची पदव्युत्तर पदवी घेतली. वय पन्नाशीच्या घरात, शाळा आठवीपर्यंत! आणि तेव्हा त्या मिसिसिपी राज्यातल्या मेयर्सव्हिलच्या महापौर होत्या. गाव जेमतेम पाचशे वस्तीचं. आपल्याकडे सरपंचच म्हणाले असते.

जन्म १९३३चा, आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. मिसिसिपीत काळ्या मुलांची शाळा कापसाच्या हंगामाच्या मर्जीवर चालायची, म्हणून शिकायला नदीपलीकडे आर्कान्सामध्ये जावं लागलं. १९६४ साली त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. तिथे मिसिसिपी राज्याच्या घटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे, आणि तो बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवणार. एवढ्या धाडसापायी शेतावरची मजुरी गेली. पुढे काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत सत्तरहून अधिक वेळा अटक झाली.

लोक याच भागाबद्दल भरभरून लिहितात. पाणीपुरवठा खात्यात हयात घालवलेल्या तुझ्या बापाला मात्र त्यांचं नंतरचं काम मोठं वाटतं. मेयर्सव्हिलला नगर म्हणून कायदेशीर अस्तित्वच नव्हतं. त्यामुळे ना स्वतःचा कारभार, ना केंद्राच्या निधीवर नगर म्हणून हक्क. बाईंनी खटपट करून १९७६ साली गावाची रीतसर नोंदणी करवली आणि त्याच वर्षी त्या महापौर झाल्या. त्या राज्यातली ती पहिली काळी महिला महापौर. मग नळाचं पाणी, भुयारी गटारं, पक्के रस्ते, गरिबांसाठी घरं. गटारासाठी कोणी हार घालत नाही, हे मला विचार! पण नकाशा, ठराव, अंदाजपत्रक यांच्यामागे धावणारं माणूस नसेल तर मोर्च्यातून नळाला पाणी येत नाही.

२००१पर्यंत त्या पदावर होत्या. मधल्या काळात चीनच्या वाऱ्याही केल्या, १९९२ साली मॅकआर्थर फेलोशिप ही तिकडची मानाची शिष्यवृत्तीही मिळाली. २०१९ साली त्या गेल्या.

तुझ्या सरांना एक विचारून मला कळव: तिकडे नव्या नगराची नोंदणी करायला नेमके कोणते कागद लागतात? पिंट्याला पापा. आई लोणचं पाठवते आहे.

तुझे
बाबा