सकाळची टकटक

संपादक महोदय,

जुनी गाडी सकाळी सुरू होताना टकटकली की गॅरेजमध्ये लगेच जाड ऑइल सुचवतात. ते टाळावे. आवाज दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर आधी ऑइल फिल्टर बदला. स्वस्त फिल्टरमधला रबरी व्हॉल्व्ह कडक झाला की रात्रभरात ऑइल खाली उतरते आणि टॅपेट (इंजिनच्या वरच्या बाजूचे, व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कोरडे पडतात. जाड ऑइल वर चढायला उलट वेळच घेते. मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचे (जाडीचे) ऑइल घाला.

पर्वरी-पणजी एवढ्याच छोट्या फेऱ्या असतील, तर इंजिन पुरते तापत नाही आणि आपल्या पावसाळ्यात ऑइलमधला ओलावा उडत नाही, ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर न बघता सहा महिन्यांनी बदलावे. कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) घटत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचे सील) तपासा.

इंजिन गरम झाल्यावरही खालून जड ठोके येत असतील, तर गाडी उभी करा आणि ऑइल प्रेशर मोजून घ्या.

— एक वाचक, पर्वरी