हॅस्केल न येणाऱ्या काकूंना, हॅस्केलसाठी आभार

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

आभार मानायला घरी आलो असतो तर तुम्ही "चहा घे आणि गप्प बस" म्हणाला असता, म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. शिवाय मी जिथे अडकलो होतो तिथे बरेच जण अडकतात, त्यांनाही उपयोग होईल. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्यांना ते सांगायची गरजही नाही.

बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमच्या वाचनालयाची देवघेव मी हॅस्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमवर चालते. (हॅस्केलच का, हे कमिटीने विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. नोकरीत तेच लिहितो, हातात तेच बसलंय.) डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे आणि मधे पर्सिस्टंट ही लायब्ररी, म्हणजे दोघांना जोडणारं तयार कोड. पुस्तक, सभासद, देवघेव ही टेबलं तिच्यात टाइप म्हणून मांडायची, म्हणजे कुठे कोणत्या प्रकारची माहिती असेल ते आधीच सांगायचं. साधं वाचणं-लिहिणं असेल तर बरीचशी गडबड कंपायलरच (कोड चालण्याआधी तपासणारा) दारात अडवतो. पण ही लायब्ररी मोंगोडीबीसारख्या डेटाबेसवरही चालावी अशा बेताने केलेली आहे, त्यामुळे जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडून वाचणं, तिच्या मूळ फंक्शनांत नाहीत. जॉइनसाठी एस्केलेटो नावाची वेगळी लायब्ररी लोक वापरतात, आणि ती चांगली आहे. मी मात्र थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची स्वतःची भाषा, लिहिलं, आणि त्याला कारण तुम्ही.

कमिटीला यादी हवी होती: तीन वर्षांत कोणीही न नेलेली पुस्तकं, प्रत्येकापुढे शेवटची तारीख, आणि सगळं मराठी वर्णक्रमाने. ती पुस्तकं माळ्यावर जाणार होती. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, त्या बडोद्यात वाचनालयाच्या कमिटीला "जमेल तेवढं देतो" सांगून भागत नाही. मी तुमच्याकडे आलो. तुम्ही बँकेच्या कॉम्प्युटर विभागात उभी नोकरी ओरॅकल या डेटाबेसवर काढलेली. विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही अख्खी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहून दिलीत, पुस्तकांना 'बी' आणि देवघेवीला 'एल' अशी टोपणनावं देऊन. पुस्तकांना देवघेव लेफ्ट जॉइन (देवघेव नसली तरी पुस्तक यादीत राहतं), पुस्तकाच्या आयडीवर ग्रुप बाय (एका पुस्तकाच्या सगळ्या नोंदींचा एक गट), आणि हॅविंगमध्ये, म्हणजे गटांवरच्या अटीत, शेवटच्या तारखेची अट. ग्रुप बायमध्ये पुस्तकाचे सगळे कॉलम लिहायला तुम्ही सुरुवात केली होती. पोस्टग्रेसमध्ये ९.१ आवृत्तीपासून प्रायमरी की, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ ओळखायचा आयडी, दिली की तेवढ्यावर भागतं, असं मी म्हटल्यावर तुम्ही पेन थांबवून माझ्याकडे असं पाहिलंत की ओरॅकलने तुमच्यावर आयुष्यभर अन्याय केला.

तो कागद बघतानाच ठरवलं की हा मजकूर आहे तसाच ठेवायचा. त्याचं हॅस्केली रूपांतर केलं असतं तर तो नंतर फक्त मला वाचता आला असता. आता काही बिनसलं की तुम्हाला फाइल उघडून दाखवता येते, आणि तुम्हाला त्यातल्या मधल्या दहा ओळी माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. फंक्शनल, म्हणजे हॅस्केलच्या पद्धतीचं, प्रोग्रॅमिंग करणारी आमची मंडळी कच्च्या एसक्यूएलचं नाव काढलं की नाक मुरडतात. डेटाबेस जाणणाऱ्या माणसाला कोडच्या बाहेर उभं करून शुद्धता मिळत असेल, तर मला ती महाग वाटते.

पर्सिस्टंटमध्ये यासाठी 'रॉ एसक्यूएल' याच नावाचं फंक्शन आहे. त्याला क्वेरीचा मजकूर द्यायचा आणि किमतींची यादी द्यायची. मजकुरात एक प्रश्नचिन्ह असेल तिथे यादीतली पुढची किंमत बसते, आणि ती नीट एस्केप करायचं काम लायब्ररीचं. कुठल्या तारखेच्या आधीची पुस्तकं, ती तारीख आम्ही अशीच दिली. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडायची नाही, बस. कच्चं एसक्यूएल धोक्याचं म्हणतात ते खरं तर या जोडकामाबद्दल असतं.

दोन प्रश्नचिन्हं लागोपाठ आली की मात्र अर्थ वेगळा: तिथे अख्ख्या टेबलाचे कॉलम ओळीने मांडले जातात. इथेच क्वेरी धावेना. पोस्टग्रेस म्हणत होतं, फ्रॉममधल्या 'बुक' टेबलाचा उल्लेख चुकीचा आहे. मी हॅस्केलचे टाइप तपासत होतो, आणि तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "अरे, खाली हिंट लिहिलीय ती वाच ना." हिंट सरळ होती: तुम्हाला 'बी' हे टोपणनाव म्हणायचं होतं का? म्हणजे लायब्ररी कॉलमांपुढे टेबलाचं मूळ नाव लावत होती, आणि तुमच्या क्वेरीत ते नाव टोपणनावाखाली झाकलं गेलं होतं. "तुझ्या त्या लायब्ररीला टोपणनाव सांगायची सोय असेलच," असंही तुम्हीच म्हणालात. निघाली. 'एंटिटी विथ प्रीफिक्स' नावाचा टाइप आहे, त्यात 'बी' हे अक्षर चक्क टाइपमध्ये लिहायचं. मला ते फार सुंदर वाटलं. तुम्हाला वाटलं नाही, आणि तसं तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

आता खरी गोष्ट. क्वेरीतून परत काय येणार, हे हॅस्केलला आपणच सांगायचं असतं: पहिलं पुस्तक, दुसरी तारीख. कंपायलर ते निमूट मान्य करतो. डेटाबेसशी तो बोलतच नाही, त्यामुळे तुम्ही खोटं सांगितलंत तरी कंपाइल होतं आणि प्रोग्रॅम चालू असताना कोसळतं. एरवी चोख असलेला पहारा या एका ओळीपुरता आपल्यावर सोपवलेला असतो. मी नुसती तारीख लिहायला गेलो तेव्हा तुम्ही लगेच अडवलंत: "लेफ्ट जॉइन आहे. जे पुस्तक कधी कोणी नेलंच नाही, त्याच्या उजवीकडे नल येणार." नल म्हणजे रिकामी जागा. म्हणून तारखेला 'मेबी' लावला, म्हणजे 'असेल किंवा नसेल'. हॅस्केलचा एक शब्द माहीत नसताना तुम्ही टाइप बरोबर सांगितला होता!

दंडाच्या बेरजेचा किस्सा तर मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलाय. दंड आम्ही पैशांत, पूर्णांकात ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये तो कॉलम बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा, आहे. पूर्णांकांची बेरीज पूर्णांकच असणार, असं कोणीही म्हणेल. तुम्ही म्हणालात, "म्हणू नकोस, विचार." आणि पीएसक्यूएलच्या खिडकीत, म्हणजे पोस्टग्रेसशी थेट बोलता येतं तिथे, बेरजेला 'पीजी टाइपऑफ' हे प्रकार सांगणारं फंक्शन लावायला लावलंत. उत्तर आलं: न्यूमेरिक, म्हणजे दशांशही चालणारी संख्या. बिगइंटची बेरीज मावेनाशी होऊ नये म्हणून पोस्टग्रेस ती न्यूमेरिकमध्ये देतं, पर्सिस्टंट तिला रॅशनल (अपूर्णांक) समजतं, आणि पूर्णांक मागणारा टाइप तिथेच तोंडघशी पडतो. साध्या इंटीजर कॉलमची बेरीज बिगइंट येते, तिथे ही अडचणच नाही. आम्ही क्वेरीतच बेरीज पुन्हा बिगइंटमध्ये आणली. आणि ज्या महिन्यात एकही दंड नाही, त्या महिन्याची बेरीज शून्य नसून नल असते, म्हणून नलच्या जागी शून्य देणारा कोअॅलेस लावला, तोही तुमच्या सांगण्यावरून.

वर्णक्रमाचं काम पटकन झालं. युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, आणि आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्याही नंतर. क्रम लावणाऱ्या ऑर्डर बायच्या शेवटी आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचे नियम, लिहिलं. पर्सिस्टंटच्या स्वतःच्या क्रम लावण्याच्या पर्यायात हे लिहायला जागाच नाही, म्हणजे इथेही तुमचा कागदच कामी आला.

तुमचा एक प्रश्न मला सगळ्यात आवडला. सगळं चालायला लागल्यावर तुम्ही विचारलंत, "कमिट कुठे करतोस?" म्हणजे बदल पक्के कुठे करतोस. मी सांगितलं की हे फंक्शन हाक मारल्याबरोबर काही चालवत नाही. काय करायचं याचं वर्णन तेवढं हातात येतं. अशी चार वर्णनं जोडून एकदाच कनेक्शनवर सोडायची, मग ती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं किंवा काहीच नाही) चालतात, शेवटी कमिट होतं, आणि मधे एरर आली तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. तुमचा विश्वास बसला नाही. बँकेत असताना "आपोआप होतं" म्हणणाऱ्यांनी तुम्हाला किती रात्री जागवलं असेल, याचा अंदाज मला तेव्हा आला. तुम्ही दंड भरून घेण्याच्या आणि पुस्तक परत घेण्याच्या ओळींमध्ये मुद्दाम एक एरर टाकायला लावलीत, प्रोग्रॅम पाडलात, आणि दुसऱ्या खिडकीत स्वतः सिलेक्ट मारून बघितलंत की दंड जमा झालेला नाही. मग म्हणालात, "हं, बरं आहे." तुमच्याकडून हे म्हणजे शिफारसपत्रच.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतलीय. कच्ची क्वेरी कितीही छोटी असो, तिला एक टेस्ट, आणि ती टेस्ट खऱ्या पोस्टग्रेसवरच चालते. त्यात एक कधीच न नेलेलं पुस्तक असतं आणि एक रिकामा महिना असतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं की हे दोन नमुने कुठून काढलेस. म्हटलं, आमच्या काकूंनी दिलेत.

यादी कमिटीकडे गेली. माळ्यावर जायच्या पुस्तकांत तुमच्या आवडीची दोन निघाली, ती तुमच्या नावावर लावून ठेवलीत. नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर तुमची ती बेरीज तुमच्यावरच चालेल.

काका विचारत होते, त्यांना सांगा की सेव-उसळ माझ्याकडून, शनिवारी. आणि येताना लॅपटॉप आणतोय. ती यादीची क्वेरी थोडी रेंगाळते, तिला एक्सप्लेन लावून, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवतो ते, बघायचं राहिलंय, आणि त्यातलं सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल ओळीने वाचणं) तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

आपला,
वाचनालयातला तुमचा 'हॅस्केलवाला'