पावसाळी ट्रेकमध्ये सर्वांत शेवटी कोण चालतो?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की मुंबईकरांच्या मोबाइलवर एकदिवसीय ट्रेकच्या जाहिराती येऊ लागतात. भीमाशंकर, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, पेठचा किल्ला, लोहगड, अंधारबन अशी नावे, त्याखाली शुल्क, बस सुटण्याचे ठिकाण आणि ‘जागा मर्यादित’ हे दोन शब्द असतात. मी गेली छत्तीस वर्षे सह्याद्रीत हिंडतो आहे, आणि तरुण मुलेमुली सुट्टीच्या दिवशी डोंगराची वाट धरतात याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र बरोबर एकूण किती माणसे असणार, त्यांच्यासाठी जाणते किती असणार आणि सर्वांत शेवटी कोण चालणार, हे मी आजवर एकाही जाहिरातीत वाचलेले नाही. हे पत्र त्याविषयीच आहे.

गेल्या वर्षी जुलैतल्या एका रविवारी पुतणीच्या आग्रहावरून मी तिच्या कार्यालयातील मंडळींबरोबर अशाच एका आयोजकाच्या गटातून खांडसमार्गे भीमाशंकरला गेलो. पायथ्याशी तीन बसमधून उतरलेली माणसे मी जुन्या सवयीने मोजली, ती एकशे अठरा भरली. लीडर चार होते, चौघेही विशीतले, उत्साही आणि स्वभावाने चांगले. त्यांपैकी दोघांनी ही वाट पूर्वी एकदाच केली होती. शिडी घाट पावसात धोक्याचा म्हणून लांबच्या, पण सोप्या गणेश घाटाने जायचे ठरले, आणि तो निर्णय योग्यच होता. पदरावरच्या, म्हणजे चढाच्या मध्यावरील सपाटीवरच्या, चहाच्या झोपडीपाशी पोहोचेपर्यंत पहिल्या आणि शेवटच्या माणसात दीड तासाचे अंतर पडले होते. पुढच्यांना वाट दाखवायला आणि मधल्यांना ओढा ओलांडून द्यायला माणूस हवा, म्हणून चारही लीडर पुढेच अडकले. मागे जे राहिले ते आपापल्या भरवशावर राहिले.

उतरताना संध्याकाळी पाचच्या सुमारास एका मुलीचा पाय निसरड्या दगडावरून सरकून मुरगळला. माझ्या गुडघ्यांमुळे मी सावकाश उतरत होतो, म्हणून ती आणि तिची मैत्रीण मला वाटेच्या कडेला बसलेल्या दिसल्या. दाट धुके होते, मोबाइलला रेंज नव्हती आणि दोघींजवळचे पाणी संपले होते. गुरे घेऊन परतणारे ठाकर समाजातील एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा भेटले नसते, तर मी एकटा काय करू शकलो असतो हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी तोडलेल्या दांड्याला चादर बांधून डोली केली आणि त्या मुलीला खाली आणले. आम्ही गावात पोहोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते आणि तीनपैकी एक बस निघून गेली होती. त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी लीडरला एवढेच विचारले, ‘‘वर अजून कोणी राहिलंय का?’’ लीडरच्या हातात नावांची यादी होती, पण दिवसभरात तिच्यावर कोणी एकही खूण केलेली नव्हती, त्यामुळे त्याला उत्तर देता आले नाही.

त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. एकशे अठरा माणसांची जबाबदारी चार नवख्यांवर सोपवणारी पद्धतच चुकीची आहे, आणि ही पद्धत का रूढ झाली हे समजणेही अवघड नाही. पहिली बस भरली की खर्च निघतो आणि दुसरी व तिसरी भरली की नफा होतो. लीडर वाढवला तर नफा घटतो. शुल्क कमी ठेवण्याची स्पर्धा आहे, आणि ते कमी ठेवायचे तर माणसे वाढवावी लागतात.

मुंबईत संघटित गिर्यारोहणाची परंपरा जुनी आहे. ‘गिरिविहार’सारखी संस्था १९५४ पासून काम करते आहे. आमच्या पिढीने हौशी मंडळांतून जे शिकले त्यात धाडसापेक्षा शिस्त जास्त होती. नवी वाट असेल तर आधी दोघे-तिघे जाऊन पायलट करून येत. निघताना प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि प्रत्येक थांब्यावर तो मोठ्याने उच्चारावा लागे. सर्वांत अनुभवी माणूस पुढे नसे, तो पिछाडीला असे, आणि त्याच्या मागे कोणी राहणार नाही हा नियम कोणत्याही कारणाने मोडला जात नसे. गट वीस-पंचवीस जणांचा असल्यामुळे हे शक्य होते. पिछाडीचा माणूस हाक मारे आणि ती पुढच्याला ऐकू जाई. दीड तासाच्या अंतरात हाक पोहोचत नाही.

कोणी म्हणेल की भीमाशंकर काही हिमालय नव्हे. उंचीच्या हिशेबाने ते खरे आहे. कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखरही १६४६ मीटरचेच आहे. पण उष्णकटिबंधातील जंगलाने झाकलेल्या डोंगरांची अवघड बाजू त्यांच्या उंचीत नसते. जुलैत हवा इतकी दमट असते की घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याचा नेहमीचा मार्गच बंद होतो आणि पावसात भिजत असतानाही माणसाच्या अंगातील पाणी व क्षार कमी होऊन त्याच्या पायांत गोळे येतात. तोच माणूस माथ्यावर वाऱ्यात थांबला की भिजलेल्या सुती कपड्यांत कुडकुडू लागतो. खाली घामाघूम झालेल्याला वर थंडी बाधू शकते, हे नवख्याला सांगूनही पटत नाही. घाटमाथ्यावर जोराची सर आली की खालचा घोटाभर पाण्याचा ओढा पाहता पाहता कमरेपर्यंत चढतो, आणि खाली पाऊस नसला तरी चढतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाशही फार वेळ टिकत नाही, आणि दाट झाडीखाली तर सूर्य मावळण्याआधीच पायाखालची वाट दिसेनाशी होते. या प्रत्येक बाबतीत गटातील सर्वांत सावकाश माणूस कुठे आहे आणि त्याच्याजवळ कोण आहे, यावर सारे अवलंबून असते.

डोंगरउतार किती बेभरवशाचे होऊ शकतात हे आपण ३० जुलै २०१४ रोजी भीमाशंकरच्याच डोंगररांगांतील माळीण गावावर दरड कोसळली तेव्हा पाहिले आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळली तेव्हा पाहिले. इर्शाळगडावर जाताना त्या वाडीत मी अनेकदा चहा घेतला आहे. त्या काळोखात मदतीला धावलेल्यांत परिसरातील गिर्यारोहकही होते. राज्यभरातील असे स्वयंसेवक ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’च्या माध्यमातून रात्री-अपरात्री, विनामोबदला, अडकलेल्यांना खाली आणतात. त्यांच्या श्रमांवर विसंबून कोणी माणसे न मोजता डोंगरावर नेत असेल तर तो त्यांच्यावर अन्याय आहे.

जंगलाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण मोठ्या गटाचा भार तेही सोसते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. आपला राज्यप्राणी शेकरू तेथील उंच झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधतो आणि सहसा जमिनीवर न उतरता फांद्यांवरूनच ये-जा करतो. वाटेवर शंभर माणसांचा गोंगाट आणि स्पीकरवरची गाणी सुरू झाली की तो दिसत नाही, आणि त्यालाच पाहायला आलेली मुले हिरमुसून परततात. त्याहून मोठे नुकसान पायाखाली होते. पावसाळी वाटेवर चिखल झाला की मागचा प्रत्येक जण तो टाळण्यासाठी कडेला पाय टाकतो. वीस माणसांनी ती वाट जेमतेम हातभर रुंदावते, पण दोनशे माणसांनी एका वाटेच्या चार होतात. उताराची माती धरून ठेवणारी कारवी त्यात तुडवली जाते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्यानंतर बी धरते आणि मरते. तिची कोवळी रोपे एखाद्या हंगामात चिरडली गेली तर त्या जागी पुन्हा बी पडायला पुढच्या बहराची वाट पाहावी लागते. तिच्याच काठ्यांनी वाड्यावस्त्यांवरच्या घरांचे कुड बांधले जातात, म्हणजे हे नुकसान केवळ निसर्गप्रेमींचे नाही.

दुर्घटना घडली की प्रशासन बंदीचा आदेश काढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी मनाई आदेश निघाले. प्रशासनाची अडचण मी समजू शकतो. तरीही सरसकट बंदीने मुख्य वाट बंद होते आणि लोक आडवाटेने जातात, जिथे ना वस्ती असते ना मदत. शिवाय पायथ्याच्या गावांत नाश्ता-जेवण देऊन चार महिने घर चालवणाऱ्या बायकांचे उत्पन्न बुडते. बंदी आणि मोकाट गर्दी यांच्यामध्ये संख्येची मर्यादा हा मार्ग आहे, आणि तो आपल्याकडे पूर्वीच वापरला गेला आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे दिली गेली.

दक्षिणेतील राज्यांनी तर डोंगरवाटांसाठीच असे नियम केले आहेत. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी वणव्यात ट्रेकर सापडले आणि वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. त्यानंतर त्या राज्याने ट्रेकिंगचे नियम केले, आणि २०२४ मध्ये ठरावीक वाटा निवडून त्यांवर प्रशिक्षित स्थानिक वाटाडे देण्याची योजना सुरू केली. कर्नाटकात २०२४ च्या जानेवारीत कुमार पर्वतावर झालेल्या बेसुमार गर्दीनंतर वनखात्याने ऑनलाइन नोंदणी आणून प्रत्येक वाटेवर दिवसाला ३०० जणांची मर्यादा ठरवली. केरळातील १८६८ मीटर उंचीच्या अगस्त्यकूडमला हंगामात मोजक्याच लोकांना परवाना मिळतो. ही सगळी शिखरे आपल्याच पश्चिम घाटातली आहेत.

आपल्या राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. धोरण चांगले आहे. पण रविवारी पहाटे पायथ्याशी ती नोंदणी तपासणारे कोणी असते का, हा प्रश्न आहे. मी भीमाशंकरला गेलो त्या दिवशी आम्हाला कोणीही काही विचारले नाही.

म्हणून वनविभाग आणि पर्यटन संचालनालय यांना माझी विनंती अशी की, जून ते सप्टेंबर या काळात गर्दीच्या प्रत्येक जंगलवाटेसाठी दिवसाची कमाल संख्या ठरवावी आणि तिची नोंद ठेवण्याचे काम पायथ्याच्या गावातील संयुक्त वन व्यवस्थापन समितीला मोबदल्यासह द्यावे. एका गटात तीसपेक्षा जास्त माणसे नसावीत, दहा जणांमागे एक लीडर असावा आणि गटाबरोबर त्याच गावचा एक वाटाड्या असावा. तो पुढे राहिला तर अनुभवी लीडर पिछाडीला राहू शकेल. परत फिरण्याची वेळ आधी ठरलेली असावी, आणि माथा दिसत असला तरी त्या वेळी मागे वळण्याचा अधिकार वाटाड्याचा असावा. या अखेरच्या मुद्द्यावर मी आग्रही आहे, कारण आयोजक पैसे घेतलेल्या माणसाला ‘आता वर जाता येणार नाही’ असे सांगायला कचरतो, तर वाटाड्याला तो संकोच नसतो आणि ओढ्याच्या आवाजावरून पाणी किती चढले हे त्याला कळते.

पालकांनी आणि ट्रेकला जाणाऱ्या तरुणांनीही पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला तीन प्रश्न विचारावेत: एकूण किती जण येणार, लीडरने ही वाट पावसात किती वेळा केली आहे आणि शेवटी कोण चालणार? उत्तर टाळले गेले तर त्या रविवारी घरी राहावे, किंवा चार जाणत्या मित्रांबरोबर जावे.

सुरुवात खांडसपासून करता येईल. गावाच्या पुढे पुलापाशी गणेश घाटाची आणि शिडी घाटाची वाट वेगळी होते, त्यामुळे गावातच एक टेबल मांडले तर दोन्ही वाटांनी वर जाणाऱ्यांची मोजणी एकाच ठिकाणी होऊ शकते. देवदर्शन करून वरूनच एसटीने परतणाऱ्यांनी ते सकाळीच नोंदवून ठेवावे, म्हणजे संध्याकाळी खाली कोण यायचे बाकी आहे हे त्या टेबलावरच्या वहीत पाहता येईल.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ पदभ्रमणकर्ता
मुलुंड (पूर्व), मुंबई