थांबा जरा, ताई वाचून राह्यल्या

मेडिकलवाले भाऊ,

नमस्कार. दर बाजाराला भेट होते, पण हे तोंडानं बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

परवाच्या प्रशिक्षणात साहेबांनी भिंतीवर इंग्रजी स्लाइड लावली आणि विचारलं, कोण वाचते? सगळ्या अंगणवाडी सेविकांनी माना खाली घातल्या. मी उठले आणि वाचली. दोनदा अडखळले, पण शेवटपर्यंत वाचली. बाजूची म्हणाली, "मायबाई! कोण शिकवलं वं?" मी म्हटलं, मेडिकलवाल्या भाऊनं. सगळ्या हसल्या. मला मात्र रडू आलं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून आलं ते 2000 साली, तेव्हा मी लेकरू पोटात घेऊन पऱ्हाटी वेचत होते. पुढं 2021 मध्ये पोरांची मापं भरायचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप मोबाइलवर आलं, तेही इंग्रजीत. पोराच्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरली, की पोर अतिकुपोषित समजायचं, हे मला झोपेतही कळते. पण मोबाइलला ते इंग्रजीत सांगावं लागे. त्या साली राज्यात कितीक सेविकांनी मोबाइल परत केले. मी क्लास लावला.

जिल्ह्याच्या ठिकाणी, साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी! सरांनी उभं करून वाचायला लावलं. मी चाकूच्या शब्दाला 'क्नाइफ' म्हटलं. आधी सर हसले, मग बारावीतली पोट्टी हसली. पुन्हा गेले नाही. फी बुडाली ती बुडाली, येष्टीचं भाडं गेलं ते जास्त लागलं. घरी लेक म्हणे, "आई, दे, मी भरून देतो." भरून द्यायचा, शिकवायचा नाही.

आणि मग तो दिवस. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला आले होते. काउंटरवर जंताच्या गोळीचं रिकामं खोकं पडलं होतं, चारशे मिलिग्रॅमचं. अंगणवाडीत दरवर्षी वाटते, पण वरचं कधी वाचलं नव्हतं. अक्षरं जुळवू लागले. चे... वा... ब्ले... मागं मोटारसायकल चालूच ठेवून एक जण उभा. "भाऊ, लवकर द्या, वावरात माणसं खोळंबली." मी खोकं खाली ठेवणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा जरा, ताई वाचून राह्यल्या."

एवढंच. शब्द सांगितला नाही. सांगितला असता तर तोही सुटला असता आणि मीही. तुम्ही गल्ल्यावर हात ठेवून रस्त्याकडं पाहत उभे राहिलात. माझ्याकडं पाहिलं असतं तर मी पळालेच असते. त्या माणसानं गाडी बंद केली. खोक्यावर शेवटी 'टॅब्लेट' होतं, ते लागलं, आणि आम्ही पोरांना काय सांगतो ते आठवलं. म्हटलं, चावून खायची?

"बरोबर. च्यूएबल," तुम्ही म्हणालात, जसं काही मी तेच म्हटलं होतं.

भाऊ, बँकेत, दवाखान्यात, गाडीत चढताना, बाईमाणसानं आजवर 'चला, चला, आटपा'च ऐकलं. माझ्यासाठी दुसऱ्याला थांबवलेलं पहिल्यांदा पाहिलं. शिकवणारे पैसे देऊन मिळतात, थांबणारे कुठं मिळतात!

पुढं तुम्ही खोकी जमवून ठेवायचे. पेरणीत दोन महिने आले नाही, तरी 'काहून सोडलं' विचारलं नाही, पिशवी तेवढी पुढं सरकवली. सोडायचं तर किती वेळा मनात आलं! रिसीटमध्ये 'पी' लिहायचा आणि बोलायचा नाही, ही कोणती रीत, बापा? त्या दिवशी पिशवी खाटेखाली फेकली होती. दुसऱ्या दिवशी झाडताना एक खोकं बाहेर आलं, 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन'. झाडू हातात तसाच, आणि वाचून झालंसुद्धा.

पुढच्या बाजाराला येते. डोळ्यांच्या थेंबांच्या खोक्यावरचा तो 'ऑफ्थॅल्मिक' अजून तोंडात बसत नाही. 'पी-एच'नंतर लगेच 'टी-एच', दातच अडतात. तुमच्यासमोरच म्हणून पाहीन. मागं कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

तुमची,
खोकी नेणारी ताई