सुपरमॅनच्या मागची ती खिडकी

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला सुपरहिरो चित्रपटांवरचा लेख वाचला. सुपरमॅन म्हणजे आजच्या काळातला ख्रिस्तच, असा त्याचा एकंदर सूर आहे. मी वसईतल्या एका धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो आणि हे सिनेमे त्यांच्याइतक्याच आवडीने बघतो. म्हणून हे पत्र.

साम्य आहेच. आकाशातला पिता आपला एकुलता एक मुलगा पृथ्वीवर धाडतो, यापुढे आणखी काय हवे? २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये तेहतीस वर्षांचा नायक शत्रूच्या हवाली व्हावे की नाही, या पेचात चर्चमध्ये धर्मगुरूंशी बोलायला जातो. तेव्हा त्याच्या पाठीमागच्या रंगीत काचेच्या खिडकीत, पकडले जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू दिसतो. हे सगळे ठरवूनच केलेले. वॉर्नर ब्रदर्सने तर अमेरिकेतल्या पाळकांना या सिनेमावर प्रवचनाची तयार टिपणेही पुरवली होती! (मुळात १९३८ साली सुपरमॅनला छापील पानावर आणणारे जेरी सिगेल आणि जो शुस्टर हे दोघे ज्यू तरुण. संहारातून वाचावे म्हणून तान्ह्या बाळाला यानात घालून सोडून देणे, ही गोष्ट मला तरी बेथलेहेमच्या गोठ्यापेक्षा, जीव वाचावा म्हणून तान्हेपणी नदीत सोडलेल्या ज्यूंच्या मोशेच्या टोपलीजवळची वाटते.)

पण त्या बागेत पुढे काय झाले? येशूला पकडायला लोक आले, तेव्हा एका शिष्याने तलवार उपसून त्यांच्यातल्या महायाजकाच्या दासाचा कान छाटला. येशूने ती तलवार म्यान करायला लावली आणि त्या दासाचा कान बरा केला. मागितल्या तर पिता देवदूतांच्या बारा पलटणींहून जास्त धाडील, असेही तो म्हणाला. मागितल्या मात्र नाहीत. सिनेमात त्या खिडकीनंतर अख्ख्या शहराची धूळधाण होते आणि अखेर नायक खलनायकाची मान मोडतो. एका कुटुंबाचा जीव वाचवायला मोडतो, मागाहून ऊर फुटेस्तोवर ओरडतो, हे कबूल. तरीही दिग्दर्शकाने बागेतली प्रार्थना तेवढी उचलली आणि म्यान केलेली तलवार तिथेच ठेवली, असे मला वाटते.

त्यापेक्षा मला २०१५ ची 'डेअरडेव्हिल' ही मालिका प्रामाणिक वाटली. तिचा कॅथलिक नायक पहिल्याच भागात पापनिवेदनाला जातो आणि क्षमा मागतो ती केलेल्या पापांची नव्हे, पुढे करणार आहे त्यांची! आगाऊ क्षमा आमच्याकडे मिळत नाही. पण आपण करतोय ते ख्रिस्ताचे काम नव्हे, एवढे तरी त्या गड्याला कळते.

आमच्यातले काही पालक हे सिनेमे मुलांना दाखवूच नका म्हणतात. तेही मला पटत नाही. गोव्यात आलेले इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यांनी ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये, पुराणाच्या घाटात सांगितली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला तीच सवय होती. आमच्या मुलांच्या कानाला मार्व्हलची सवय आहे, एवढाच फरक.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेबद्दल, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाबद्दल, शिकवत असताना सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, येशूकडे एवढी पॉवर होती, तर त्याने त्या सैनिकांना उडवले का नाही?" वर्ग हसला. मी त्याला बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय काढायला लावला. क्रूसाखाली उभे राहून थट्टा करणारे तेच तर म्हणत होते: दुसऱ्यांना वाचवले, आता स्वतःला वाचव की! त्याने दोनदा वाचले आणि पुस्तक मिटले. समाधान झालेले दिसले नाही.

पुढच्या रविवारी वर्गात तो खिडकीचा प्रसंग दाखवणार आहे आणि लगेच कान छाटल्याचा उतारा त्याच मुलाला वाचायला देणार आहे. बघू, काय म्हणतो.

– एक धर्मशिक्षक, वसई