नवीन शिक्षकांसाठी शनिवारची बैठक, नक्की या

नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी 1 वाजता वाशीच्या आपल्या शाळेत वरच्या हॉलमध्ये बसायचंय. यंदा लागलेल्या प्रत्येक शिक्षणसेवकाला त्याच विषयाचे एक अनुभवी सर किंवा मॅडम जोडून द्यायचेत.

- जुन्यांनी महिन्यातून दोन तास तरी आपल्या नवीन शिक्षकाच्या वर्गात मागे बसायचं आणि जे काय सांगायचं ते नंतर एकट्याला, मुलांसमोर किंवा स्टाफरूममध्ये अजिबात नाही, माणूस खचतो त्याने
- नवीन लोकांनी एका पाठाचं टाचण आणा, वर्ग आवरत नाही हे सांगायला लाजू नका

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये वर्षाला 50 तास प्रशिक्षण अपेक्षित आहे, दीक्षा या शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या सरकारी अ‍ॅपवरचे कोर्स राहिलेत त्यांनी मोबाईल चार्ज करून आणा, तिथेच दाखवू.

कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.