आपल्या नातीची टोकियोतील शाळा

टोकियो,
दि. २४ मे

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळा सांभाळलेल्या माणसाला नातीच्या शाळेची व्यवस्था जाणून घ्यावीशी वाटणे साहजिक आहे, म्हणून या पत्रात तेवढेच लिहीत आहे.

आमचा एदोगावा विभाग भारतीयांचा म्हणून ओळखला जातो. येथे परदेशी मुलांना शिक्षणाची सक्ती नाही. मात्र विभाग कार्यालयात अर्ज केल्यास सरकारी शाळेत प्रवेश मिळतो आणि शिकवणी शुल्क किंवा पाठ्यपुस्तकांचे पैसे पडत नाहीत. प्राथमिक शाळा सहा वर्षांची असून वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. एका वर्गात जास्तीत जास्त ३५ मुले, तास ४५ मिनिटांचा आणि बहुतेक विषयांना वर्गशिक्षक एकच.

इमारत दिसायला अगदी साधी आहे. प्रवेशद्वाराशी प्रत्येक मुलाचा चपलांचा कप्पा असून तेथे बाहेरचे बूट काढून आतले पांढरे बूट घालायचे असतात. ग्रंथालय, विज्ञान, संगीत आणि स्वयंपाक यांच्या स्वतंत्र खोल्या, पोहण्याचा तलाव आणि आरोग्यकक्षात पूर्णवेळ शिक्षिका, एवढे सगळे सरकारी शाळेत पाहून मला आपल्याकडच्या गळक्या वर्गखोल्या आठवल्या, हे खरे. मोठी व्यायामशाळा भूकंपाच्या वेळी साऱ्या वस्तीचे आश्रयस्थान होते. मुलांच्या खुर्च्यांवर जी गादी दिसते, ती प्रत्यक्षात भूकंपाच्या वेळी डोक्यावर ओढायची जाड टोपी आहे.

परंतु आपणांस सर्वाधिक आवडेल ते दुपारचे जेवण. जेवणाची मोठी भांडी वर्गात आणली की त्या आठवड्याची पाळी असलेली मुले पांढरे डगले, टोप्या आणि मास्क चढवून स्वतः वाढतात. शिक्षकही त्याच पंगतीत तेच जेवतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापकांनी ते अन्न चाखून पाहायचे असते. पोषण आहाराची खिचडी आधी आपण चाखत होता, त्याचीच ही जपानी आवृत्ती म्हणावी. पाळी संपली की शुक्रवारी डगला घरी येतो आणि सोमवारी धुऊन, इस्त्री करून परत द्यावा लागतो. आईला काळजी वाटेल म्हणून सांगतो : महिन्याचा तक्ता आधीच मिळतो, पण रश्श्यात बहुधा माशाचा अर्क असतोच, म्हणून शाळेशी बोलून आम्ही डबा देतो. पोळी-भाजी पाहून मुले प्रश्न विचारतात आणि आपली नात मोठ्या रुबाबात उत्तरे देते.

वर्ग, जिने व व्हरांडे मुलेच झाडतात आणि ओल्या फडक्याने पुसतात. पहिलीच्या मुलांना सहावीची मुले शिकवतात. आपल्याकडे मुलांच्या हाती झाडू दिला की पालक तक्रार घेऊन येत, हे आपण अनेकदा सांगितले आहे. येथे ते वेळापत्रकातच असल्याने त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि मला ही पद्धत मनापासून पटली आहे.

पालकांवर पडणारा भार मात्र मला जास्त वाटतो. गणिताच्या पेटीतील प्रत्येक काडीवर आणि नखाएवढ्या चकतीवर मुलीचे नाव चिकटवायचे असा नियम आहे, आणि त्यात आपल्या सुनेच्या दोन रात्री गेल्या. सूचनांचे कागद रोज येतात, तेही जपानीत. शाळेत गाडीने सोडण्याची पद्धत नाही. पिवळी टोपी घालून, दप्तराला धोक्याची घंटा लावून मुले चालत जातात. पहिलीत ८० कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हे, शिकायच्या आहेत. भाषेसाठी तिला वेगळी मदत मिळते आणि ती आमच्याहून वेगाने पुढे चालली आहे.

उन्हाळी सुटी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑगस्टअखेर संपते. सुटीतही गृहपाठ असतोच, तरी तेव्हा यावे असा विचार आहे. तिकिटे काढण्यापूर्वी आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख कळवावी.

आपला आज्ञाधारक,
मुलगा